लावलेला वशिला काढताना

आमच्या आदितीला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आणि ती स्वतःच्या हुशारीवर मिळाली. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कोल्हापुरात एखाद्याला काही नुसत्या हुशारीवर मिळालं की त्याच्यापेक्षा शेजारीपाजारीच जास्त बेचैन होतात.

आदिती इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांना एक अख्खी सहामाही कॉलेजात न जाता कंपनीत काढावी लागते. तिथल्या खऱ्याखुऱ्या मशीनवर काहीतरी काम करायचं, त्याचा प्रोजेक्ट बनवायचा आणि परीक्षकांपुढे मांडायचा. प्रोजेक्ट झाला नाही तर सहामाही बुडाली आणि तिच्यामागून वर्षही. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं तेव्हा मी गंभीरपणे मान हलवली होती. मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. मान्सून वाऱ्यांचा मार्ग मी झोपेतही काढून दाखवीन, पण विजेचा आणि माझा संबंध बटण दाबण्यापुरता आहे.

आनंदाची बातमी म्हणून मी समोरच्या हंबीररावांना पेढा द्यायला गेलो. हंबीरराव साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. जिल्ह्यात कोण कुणाच्या शब्दात आहे याचा त्यांच्याइतका अभ्यास कुणाचा नसेल. गल्लीच्या तोंडाला ज्यांचा म्हशींचा गोठा आहे, ते केरबाही तिथेच बसले होते. हंबीररावांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुणाच्या वळखीनं?"

"कुणाच्याच नाही हो. परीक्षा घेतली, मुलाखत घेतली आणि निवडलं."

हंबीररावांचं चघळणं थांबलं. "सर, तुमी पोरांस्नी नकाशे शिकवा. ह्यातलं तुमाला कळत न्हाय. हुशारीवर आत घेत्यात, आन मागं कोण न्हाय म्हटल्यावर भाईर काढत्यात."

"बिनवशिल्याची पोरगी म्हंजे बिनदाव्याचं म्हसरू," केरबा म्हणाले. "कुणी बी हाकलतंय बगा."

मुलीला म्हसरू म्हटल्याचा मला राग यायला हवा होता. पण केरबा आपल्या म्हशींबद्दल किती प्रेमाने बोलतात ते मला माहीत आहे, त्यामुळे तो एक प्रकारचा गौरवच होता. मी ठामपणे सांगितलं, की आम्हाला वशिल्याची गरज नाही, मी तत्त्वाचा माणूस आहे. तत्त्व मी संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं. मग वाटलं, तत्त्व माझं आहे, पण इंटर्नशिप मुलीची आहे. तिच्यावर आपल्या तत्त्वांचा बोजा कशाला?

अनेकांत नावाचा माझा एक जुना विद्यार्थी त्या कंपनीला पॅकिंगची खोकी पुरवतो. मी त्याला फोन केला आणि एवढंच म्हणालो, "अरे, जरा लक्ष असू दे." ज्याला मी वर्गात कायम शेवटच्या बाकावर बसवलं, त्याला मी पहिल्यांदाच काही मागत होतो. तो भारावला. "सर, तुम्ही आता निवांत ऱ्हावा," म्हणाला. कोल्हापुरात कुणी निवांत राहायला सांगितलं की माणसाने खरं तर सावध व्हावं. मी मात्र खरोखरच निवांत राहिलो.

मला जे माहीत नव्हतं ते असं. हंबीररावांनीही न विचारता एका पुढाऱ्याच्या ऑफिसात फोन फिरवला होता. केरबांचे मेव्हणे त्याच कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होते, त्यांना दूध घालता घालता निरोप गेला. माझ्या बायकोने, राजमतीने, बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात दर्शन झाल्यावर एका बाईंच्या कानावर घातलं, आणि त्या बाईंचे दीर कंपनीत खरेदी खात्यात निघाले. प्रत्येकाने हे गुपचूप केलं, कारण पोरीचं बस्तान बसल्यावर श्रेय एकट्यालाच घ्यायचं होतं. आणि प्रत्येकाने एकच वाक्य सांगितलं: "मुलगी अगदी जवळची आहे, जरा बघा." कुणाच्या जवळची, हे कुणीच सांगितलं नाही.

कंपनीचे प्लांट हेड राजवर्धन साहेब. कामाला वाघ माणूस, पण ओळखीच्या फोनला फार जपणारा. एक फोन आला तर त्यांनी ओळख म्हणून सोडून दिला असता. पुढाऱ्याच्या ऑफिसातून, गेटवरून, खरेदी खात्यातून आणि खोकीवाल्याकडून एकाच मुलीसाठी शब्द आला, तेव्हा त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला. एवढी माणसं जिचं नाव घेतात आणि ती कुणाची ते सांगायला मात्र घाबरतात, ती मुलगी फारच वरची असणार!

पहिल्या दिवशी आदिती कामाचे जाड बूट घालून कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभी राहिली. बस आली नाही, पांढरी मोटार आली. ड्रायव्हरने उतरून दार उघडलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. हंबीररावांनी माझ्याकडे बघून नुसती मिशी चोळली आणि मी त्यांच्याकडे बघून नुसतं हसलो. आपल्याच फोनने हे घडलं, असं दोघांनाही वाटत होतं.

आठवड्याभरात पोरीचा चेहरा उतरला. कंपनीत तिला एसी केबिन होती, फिरती खुर्ची होती आणि दारात बेल होती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिच्याबरोबर लागलेली मुलं मशीनखाली घुसून काळीनिळी होऊन येत होती आणि हिच्यापुढे पोहे येत होते. ती शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, गेली की कामगार काम थांबवून उभे राहत. वायरला हात लावला की कुणीतरी धावत येई, "मॅडम, ऱ्हाऊदे, आमी करतो की."

"पप्पा, मला तिथं कुणी टेस्टरसुद्धा हातात धरू देत नाही," एके दिवशी ती ताटावरच रडायला लागली. "पत्रा दाबून आकार देणारी नवीन प्रेस आलीय, तिचं पुस्तक तेवढं मागून घेतलंय आणि वाचत बसलेय. परीक्षकांना काय दाखवू? चहाचे कप? आणि सगळे विचारतात, तुम्ही साहेबांच्या कोण लागता? कुठले साहेब, पप्पा?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. राजमतीनेही त्याच वेळी कॅलेंडरकडे बघितलं. आम्हा दोघांना एकाच वेळी तिथी बघावीशी वाटल्याचं आदितीला खटकलं असावं. तिने डोळे पुसले आणि आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मग जे काही विचारलं त्याची उत्तरं आम्ही शाळेतल्या मुलांसारखी, खाली मान घालून दिली.

ती ओरडली नाही. "मी ती परीक्षा पास झालते," एवढंच म्हणाली आणि ताट सारून उठली. ते वाक्य मला फार लागलं. कंपनी बदलता येईल का म्हणून कॉलेजात चौकशी केली, तर त्याला कंपनीचं, विभागाचं, प्राचार्यांचं आणि विद्यापीठाचं पत्र लागत होतं. तेवढी पत्रं जमेपर्यंत तिच्या मुलांनाही कॉलेजात प्रवेश मिळाला असता.

तेव्हा लावलेला वशिला काढून घ्यायचा, असं मी ठरवलं. वशिला लावायचा कसा हे आपल्याकडे तान्ह्या मुलालाही ठाऊक असतं, पण तो काढायचा कसा हे मला एकही जाणकार सांगू शकला नाही. अनेकांत तर दुखावलाच. "सर, टाकलेला शब्द परत घेऊ? उद्या माझी खोकी कोण घेईल?" केरबा म्हणाले, मेव्हण्याला आता तसं सांगितलं तर भाऊबीजेला घरात वांदा व्हईल. हंबीररावांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "एवढंच न्हवं? आत्ता सांगतो." माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "त्या पोरीचं जरा ऐका. तिला साध्या माणसागत वागवा म्हणावं. कुणाची हाय ती, ते भाईर कळता कामा न्हाय!"

दुसऱ्या दिवशी आदितीच्या केबिनला पडदे लागले.

मग मीच कागलला गेलो. मुद्दाम साधा शर्ट घातला आणि वडापने, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपने गेलो, म्हणजे माझा दर्जा कुणाच्याही लक्षात यावा. गेटवर वॉचमनने आधी मला उन्हात उभं केलं, आणि त्याबद्दल मी मनातून त्याचे आभार मानत होतो. तेवढ्यात केरबांच्या मेव्हण्यांनी मला ओळखलं. त्यांनी सलाम ठोकला, वॉचमनला झापलं आणि मला थेट राजवर्धन साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं.

"साहेब, काहीतरी गैरसमज झालाय," मी म्हणालो. "मी साधा शिक्षक आहे. भूगोलाचा. आमचं वर कुणी नाही."

राजवर्धन साहेब उठले, दार लावून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, निरोप पोचलाय आमाला. भाईर कळणार न्हाय. पण खरं सांगू? एवढं असून तुमी वडापनं आलासा, ह्येलाच मोठेपणा म्हणत्यात." मी पुन्हा भूगोल म्हटलं. त्यांनी पुन्हा डोळे मिचकावले. मी जितकं खरं बोलत गेलो तितका त्यांच्या नजरेत वर चढत गेलो. शेवटी ते म्हणाले, "खंडेनवमीला नव्या प्रेसचा म्हूर्त हाय. पूजा तुमच्या हातनं व्हायची. प्रमुख पावणं म्हणून. न्हाय म्हणायचं न्हाय."

नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. पण पंचवीसेक वर्षं मुलांना वारे शिकवतोय, आजवर मला कुणी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या उद्घाटनालाही बोलावलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, छातीत काहीतरी गोड झालं आणि तोंडातून "बरं" बाहेर पडलं. घरी आल्यावर आदितीने विचारलं, "पप्पा, तुम्ही वशिला काढायला गेलता का आणखी लावायला?" मी म्हणालो, की समारंभातच सगळ्यांसमोर सगळं स्पष्ट करावं असा माझा विचार आहे. तो विचार मला ते वाक्य बोलता बोलताच सुचला होता.

खंडेनवमीला शॉप नटलं होतं. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, प्रत्येक पॅनेलवर हळदीकुंकू, पाना-पक्कडीसुद्धा पाटावर मांडून पुजलेल्या. मोटार आम्हाला न्यायला आली तेव्हा हंबीरराव आणि केरबा आधीच आत बसलेले होते. मला फेटा बांधला. राजमती कांजीवरम नेसून पहिल्या रांगेत बसली. आदिती मात्र लांब, खांबाला टेकून उभी होती.

नवी प्रेस दोन पुरुष उंच होती आणि सगळं आपोआप करणारी होती. आमच्या घरी पूजा म्हणजे मोजकं काम, अनामिकेच्या टोकावर मावेल एवढंच गंध. पण डोक्यावर फेटा चढला की माणसाचा हात आखडत नाही. मी प्रेसला पुढून कुंकू लावलं, बाजूने लावलं, झाकणाला लावलं, हँडलला लावलं. प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन पिवळे खांब होते आणि प्रत्येकाच्या आतल्या अंगाला काळ्याभोर गुळगुळीत काचेची उभी पट्टी होती. इतकी सुंदर जागा कुणी मोकळी ठेवेल का? मी ओल्या कुंकवाची बोटं एकीवरून भरपूर ओढली. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि मी हिरवं बटण दाबलं.

प्रेस हलली नाही. वर एक लाल दिवा लागला.

"पुन्ना दाबा, सर," राजवर्धन साहेब म्हणाले. मी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग हंबीररावांनी मला बाजूला सारून दाबलं, कारण कारखान्यात त्यांनी बॉयलर बघितलेला होता. केरबा शेजारच्याला विचारत होते, नारळ नासका निघाला व्हता काय. माणसं कुजबुजायला लागली. ज्या गिऱ्हाइकासाठी प्रेस घेतली होती ते दसरा झाल्यावर बघायला येणार होतं, त्यामुळे राजवर्धन साहेबांना घाम फुटला. मेंटेनन्सची माणसं धावली, लॅपटॉप जोडले गेले, प्रेस बनवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरला स्पीकरवर फोन लागला.

"तुम्ही काही बदललंय का?" पुण्याहून आवाज आला.

"कायबी न्हाय. पूजा तेवढी केली."

"पूजेने काही होत नाही," पुणे म्हणालं.

तेवढ्यात आदिती पुढे आली. "सर, मी बघू का? ह्या प्रेसचं पुस्तक मी सगळं वाचलंय."

"मॅडम, तुमी बसा, बसा. कपडे खराब व्हतील. एऽ, मॅडमना खुर्ची द्या रे!"

खुर्ची आली. आदितीने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिचा राग मला ओळखता येतो, आणि तो राग नव्हता. पोरीने आशा सोडली होती. जे मशीन तिला आतून-बाहेरून पाठ होतं त्याच्यापुढे तिला खुर्ची मिळत होती, आणि ती खुर्ची तिच्या बापाने आणून ठेवलेली होती. एवढ्या माणसांत, फेटा बांधून, आपण कुणी नाही हे सांगायला किती जोर लागतो ते मला तेव्हा कळलं.

"साहेब, ऐका," मी मोठ्याने म्हणालो. "तिचा कुणी काका, मामा, साहेब, पुढारी नाही. मी भूगोलाचा मास्तर. खोकीवाला अनेकांत माझा विद्यार्थी, त्याला मी फोन केला, बाकीच्यांनी आपापले केले. आमचं वर कुणी म्हणजे कुणी नाही. ती इथं स्वतःच्या हुशारीवर आली होती, मी मध्ये कडमडलो."

राजवर्धन साहेब समजूतदारपणे हसले. "सर, हितं सगळी आपलीच माणसं हाईत, पण..."

"न्हाय वो, खरं हाय त्ये!" हंबीरराव ओरडले. अपशकुनी पूजेत आपलं नाव नको, असं त्यांना वाटलं असावं. "ह्येंचं कोण असणार? फ्यूज गेला तर ह्ये माज्याकडं येत्यात. गॅसचा नंबर लावायला माज्याकडं येत्यात. मी फोन केलता ते आपलं शेजारधर्म म्हणून!"

"आन मी म्हेवण्याला," केरबा म्हणाले. "दूध घालतो की ह्येंच्यात. साधी माणसं हाईत, पावणं."

मी दिलेल्या साऱ्या पुराव्यांपेक्षा हे दोन पुरावे भारी पडले. राजवर्धन साहेबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फेट्याकडे बघितलं. मग आदितीकडे वळले आणि त्यांचा आवाज अख्ख्या शॉपमध्ये घुमला.

"मग हितं काय बघत हुबी ऱ्हायलीस? हेल्मेट कुठाय तुजं? बिनहेल्मेटाची मशीनजवळ दिसलीस तर घरला पाठवीन! ती टॉर्च घे आन आत हो!"

आजवर माझ्या मुलीला कुणी चारचौघांत झापलं असतं तर मी भांडलो असतो. पण आदितीचा चेहरा असा उजळला, की बारावीच्या निकालालाही मी तो तसा बघितला नव्हता. ती पळत गेली आणि हेल्मेट घालून परत आली. पिवळ्या खांबाच्या बुडाशी काही बारके दिवे होते, ते तिने बघितले.

"सर, ह्या दोन खांबांत किरणांचा पडदा आहे. कामगाराचा हात मध्ये आला की प्रेस थांबते. आत्ता तिला वाटतंय, मध्ये कुणाचा तरी हात आहे."

सगळ्यांनी वाकून बघितलं. मध्ये काहीच नव्हतं. खांबावर कुंकू होतं, पण त्या दिवशी कुंकू कुठे नव्हतं? ते दिसत असूनही कुणाला दिसत नव्हतं. आदिती गुडघ्यांवर बसली आणि काचेवर टॉर्च तिरकी धरली.

"सर, काच कुंकवानं भरलीय. पुसू?"

"अगं, पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय?" हंबीररावांनी हात आडवा केला. राजवर्धन साहेबही घुटमळले. मेंटेनन्सची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एवढ्या लॅपटॉपवाल्यांतही नव्या मशीनचं कुंकू पुसायला कुणी धजेना.

आदितीने प्रेसला हात लावून नमस्कार केला. "ह्याच्यातलंच थोडं वर पत्र्यावर लावते. कपाळ तिथं आहे तिचं," ती म्हणाली. हंबीररावांनी आडवा धरलेला हात खाली घेतला. तिने बोटभर कुंकू उचलून वर लावलं आणि मऊ फडक्याने काच हलक्या हाताने लख्ख पुसली. लाल दिवा गेला. तिने स्वतः बटण दाबलं आणि प्रेस असा धाडकन आवाज करून खाली आली, की राजमतीच्या हातातली प्रसादाची वाटी सांडली. कामगारांनी शिट्ट्या मारल्या.

"काय झालं होतं?" फोनमधून पुणे ओरडत होतं. राजवर्धन साहेबांनी फोन आदितीपुढे धरला. "सांग तूच."

"पडद्याच्या काचेवर ओलं कुंकू लागलेलं, सर."

"काचेवर? कुणी लावलं?"

सगळ्या शॉपने माझ्याकडे बघितलं. मी हात पाठीमागे घेतले. बोटं अजून लाल होती. आदितीनेही माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, फेट्यापासून चपलांपर्यंत.

"एक पाहुणे आले होते, सर," ती म्हणाली. "आमच्या ओळखीचं कुणी नाही."

"फोन ठेव आन हिकडं ये," राजवर्धन साहेब खेकसले. "उद्याच्याला सुट्टी. परवापास्नं फर्स्ट शिफ्ट, बसनं यायचं. आन ह्या प्रेसचं काय बी बिघडलं तर तुला धरणार मी!"

"व्हय सर!" म्हणत ती धावली, मागे वळूनही न बघता. राजमतीला पोरीचं काम बघायचं होतं, म्हणून ती खुर्ची ओढून तिथेच बसली. माझ्या मुलीने मला भरल्या कंपनीत ओळख दिली नव्हती आणि माझा ऊर भरून आला होता. मी फेटा काढून बगलेत धरला आणि कुणी ओळखायच्या आत गेटकडे चालायला लागलो.